होडीचे इंजिन सहादेव उघडे यास देण्याबाबत

मी, शांतवन रावजी भिंगारदिवे, वय वर्षे चौसष्ट, धर्म ख्रिस्ती, पूर्वीचा धंदा इंजिन फिटर, नगर छावणीतील फौजी मोटारींच्या कारखान्यातून निवृत्त, मूळ राहणार भिंगार, हल्ली मुक्काम शेंडी, तालुका अकोले, जिल्हा अहमदनगर, देवाला साक्ष ठेवून हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. कानांना कमी ऐकू येते, पण इंजिनाचा आवाज नीट कळतो, आणि माणसांचा जेवढा ऐकू येतो तेवढा मला पुरे आहे. मला कोणी धाक घातलेला नाही किंवा गोड बोलून फसवलेले नाही. एका माणसाने यातले एक कलम बदलायला मला भाग पाडले, हे खरे आहे. ते कसे, हे योग्य जागी लिहिले आहे. वाचणाऱ्याने त्याला जबरदस्ती समजू नये.

वकीलसाहेब म्हणाले, "शांतवनराव, कारणे लिहू नका. काय कोणाला, एवढेच लिहा." त्यांचे म्हणणे कायद्याने बरोबर असेल. पण कारण न लिहिता मी माझे इंजिन परक्याला दिले, तर उद्या माझा मुलगा कोर्टात उभा राहून म्हणेल की म्हाताऱ्याला चळ लागला होता. त्याने तसा निरोप आधीच पाठवला आहे. म्हणून कारणे लिहितो. जे घडले ते शेंडी गावाला ठाऊक आहे, राजूरच्या बाजाराला ठाऊक आहे. लपवण्यासारखे काही उरलेले नाही. फक्त मान वर करून सांगण्यासारखेही काही नाही.

१. माझी माणसे. माझी पत्नी सारा लढाईच्या काळात वारली. मला दोन मुले. थोरला अब्राहाम, त्याचा नगरला मोटारदुरुस्तीचा स्वतःचा कारखाना आहे. धाकटी दीना, मुलींच्या शाळेत शिक्षिका आहे, लग्न केलेले नाही आणि त्याबद्दल तिला कोणी विचारलेले तिला आवडत नाही. हे मृत्युपत्र अमलात आणण्याचे काम मी दीनावर सोपवतो. ती हिशेबाला चोख आहे आणि भावाला भीत नाही.

२. हत्यारे. माझी व्हाइस, कानशी, पाने, भोके पाडायचा सामता आणि आटे पाडायची हत्यारे माझे जुने सोबती श्रीमंत लोखंडे, राहणार भिंगार, यांना द्यावीत. आम्ही एकाच बाकावर उमेद घालवली. माझा धाकटा भाऊ बन्सी याने माझा एक आटे पाडायचा साचा लग्नाच्या वरातीची बत्ती दुरुस्त करायला म्हणून नेला आणि तोडून आणला, वर म्हणाला, "तो आधीच तुटका होता." तो तुटका साचा मी जपून ठेवला आहे. तो बन्सीला द्यावा. दुसरे काही देऊ नये. माझा राग गेला आहे, पण साचा त्याचाच आहे.

साराचे शिवणयंत्र दीनाचे. साराची पितळी चमच्यांची पेटी अपुरी आहे, कारण त्यातले काही चमचे मी नोकरीत असतानाच साहेबांच्या गळासाठी वापरले. त्याबद्दल तिने हयातीत मला पुरेसे बोलून घेतले आहे.

३. होडी व इंजिन. हे कलम लांब आहे.

शेंडीला भंडारदऱ्याच्या धरणाच्या पाण्यात खडशी नावाचा मोठा मासा आहे. साहेब लोक त्याला महसीर म्हणत. मी नोकरीत असताना छावणीतले साहेब सुटीत इथे माशांच्या शिकारीला येत, आणि त्यांच्या मोटारी सांभाळायला मला आणत. त्यांची होडी वल्हवायला सहादेव उघडे असे. सहादेव इथलाच, महादेव कोळी. होडी अगदी हळू चालवायची, मागे लांब दोरीला चकाकता चमचा आणि गळ बांधून पाण्यातून ओढत न्यायचा, म्हणजे माशाला तो चमचा जखमी मासोळीसारखा दिसतो. साहेब याला ट्रोलिंग म्हणत. सहादेव म्हणे, "गळ हिंडवणं." साहेबांनी मासा धरला की ते फोटो काढत, आणि फोटोत सहादेवाचा फक्त वल्ह्यावरचा हात येई.

पेन्शन झाल्यावर मी इथेच राहायला आलो. पोरांनी विचारले, तिकडे आपले कोण आहे. मी म्हणालो, सहादेव आहे. त्याची बायको बायडाबाई यांनी मला त्यांच्या घराशेजारी जागा दाखवली, आणि मी दोन खोल्या बांधल्या.

तेवढ्यात सहादेवाचा उजवा खांदा गेला. जन्मभर वल्हे मारून तो आखडला तो सुटेना. हळू वल्हवणे हे जोरात वल्हवण्यापेक्षा कठीण असते. जोरात मारले की होडी आपल्या ओघाने जाते, हळू जायचे तर दर वेळी हात रोखावा लागतो. मासे राजूरला आणि वरच्या सरकारी बंगल्यात देऊन त्या घराचे चालत असे, ते थांबले. तेव्हा मी म्हणालो, "सहादेव, खांदा जुना झाला तर इंजिन लावू."

"इंजिन पळतंय दादा," तो म्हणाला. "मला पळायचं न्हाई."

"न पळणारं इंजिन बघू."

लढाई संपल्यावर जास्तीच्या फौजी सामानाचा नगरला लिलाव झाला. त्यात होडीच्या मागे अडकवायची तीन इंजिने होती. मी सहादेवाला घेऊन गेलो. अब्राहामही आला. एक इंजिन मोठे होते, नदी ओलांडताना फौज लावते तसले, उचलायला दोन माणसे लागत. अब्राहामाने त्यावर थाप मारली. "बाबा, घ्यायचं तर हे घ्या. पाण्यावर नुसतं उडेल."

मी त्याला समजावले. मोठे इंजिन फार हळू चालवले की त्यात पेट्रोल पुरते जळत नाही, प्लगवर काजळी धरते आणि ते बंद पडते. ते दमदार काम मागते. दुसरे होते एका सिलिंडरचे, लहान. ते मी पाण्याने भरलेल्या पिंपात उभे करून चालवून पाहिले, कारण ही इंजिने पाण्यावाचून चालवली की तापून अडकतात. हळू केले की त्याचा ठोका लांबत जाई आणि पिंप थरथरे. तसा थरथराट होडीतून दोरीत उतरला असता. तिसरे दोन सिलिंडरचे, लहानच, टोपण चेपलेले, रंग उडालेला. ते मी हळू करत करत इतके हळू केले की आता विझते की मग विझते असे वाटावे. विझले नाही. एका सिलिंडरचा श्वास संपायच्या आत दुसऱ्याचा सुरू होई. सहादेवाने टोपणावर तळहात ठेवला आणि म्हणाला, "हे गाईसारखं रवंथ करतंय."

तेच घेतले. अब्राहाम परतताना आमच्यापासून चार पावले पुढे चालला. नगरच्या रस्त्याने बापाने असले चेपलेले इंजिन खांद्यावर नेलेले त्याला कमीपणाचे वाटले असावे. तेव्हा मला त्याचे हसू आले होते.

घेणे सोपे, बसवणे अवघड. सहादेवाची होडी दोन्हीकडून निमुळती होती, इंजिनाला टेकायला जागाच नव्हती. मागचे टोक कापून तिथे सागाची जाड फळी बसवावी लागली. करवत लागली तेव्हा बायडाबाईंनी तोंड फिरवले. मग फळीची उंची. इंजिन फार वर बसले तर त्याचा पाणी मागे लोटणारा पंखा पाण्याऐवजी हवा ओढतो आणि नुसता किंचाळतो. फार खाली बसले तर चिखल आणि झाडांची खोडे लागतात. पंख्याच्या वरची सपाट पट्टी होडीच्या तळाच्या किंचित खाली राहील असे मी बसवले, आणि इंजिन अगदी सरळ उभे ठेवले, मागे पुढे कललेले नाही.

होडीची चाल किती असावी, ते सहादेवाला सांगता येईना. "लई न्हाई, अन् थांबल्यावानी बी न्हाई," एवढेच म्हणे. शेवटी बायडाबाई म्हणाल्या, "मी भरली घागर घेऊन काठानं चालते. माझ्या बरूबर ऱ्हावा."

पहिल्या दिवशी त्यांनी घागर डोक्यावर घेतली न घेतली तोच आम्ही पार पुढे गेलो. मागचा चमचा पाण्यावर येऊन भिंगरीसारखा फिरू लागला. काठावरून त्या ओरडल्या, "दादा, पार त्या टोकाला घाटघरला निघाला का काय?"

इंजिनाचा दोष नव्हता. पंख्याच्या पात्यांना पीळ जास्त होता, तो वेगासाठी असतो. मी नगरच्या ओताऱ्याकडून कमी पिळाचा पितळी पंखा ओतून आणला आणि कानशीने तिन्ही पाती सारखी केली. पेट्रोलमध्ये मिसळायच्या तेलाचे प्रमाण थोडे उतरवले, म्हणजे प्लग काजळेना. पेट्रोल तेव्हा कुपनावर मिळे, त्यामुळे चुकायला फारशी मुभा नव्हती. तरीही होडी घागरीच्या पुढे जाई. तेव्हा जाड किंतानाची पिशवी शिवून ती तोंड उघडे ठेवून मागे पाण्यात सोडली. पिशवी पाणी धरून होडीला मागे ओढी. त्या दिवशी आम्ही पाण्यात आणि बायडाबाई काठावर असे चाललो, की त्या थांबल्या तर आम्हाला थांबावेसे वाटले. दोरी ताणली गेली. सहादेवाने ती दोन बोटांत धरली आणि डोळे मिटले. संध्याकाळपर्यंत खडशी लागला नाही. लहान मासेच लागले. तरी त्या घरात मी एवढे हसणे पूर्वी ऐकले नव्हते.

खडशी पुढे लागले. ते घर पुन्हा चालू लागले. मी रोज मागे इंजिनाशी बसे, सहादेव पुढे दोरी धरून. आम्ही फारसे बोलत नसू. माझ्या आयुष्यातले ते सगळ्यांत चांगले दिवस होते, आणि हे मी सारावर अन्याय न करता लिहितो.

४. गेल्या नाताळात काय झाले. अब्राहाम नाताळला आला, बरोबर दोन पाहुणे, कोपरगावकडचे उसाचे मोठे बागाईतदार, त्यांच्या स्वतःच्या नव्या मोटारीतून. त्यांचे ट्रक दुरुस्तीला मिळावेत म्हणून अब्राहाम त्यांच्या पुढे पुढे करत होता. धंद्यात ते करावे लागते, त्याला मी नावे ठेवत नाही. मी स्वयंपाकात होतो. अब्राहाम म्हणाला, "बाबा, पाहुण्यांना जरा पाण्यावर फिरवून आणतो. सहादेव आहेच बरोबर." मी हो म्हणालो.

थोड्या वेळाने इंजिनाचा आवाज आला आणि मी हातातला आमटीचा डाव तसाच टाकला. तो माझ्या इंजिनाचा आवाज नव्हता. अब्राहामाने माझा पितळी पंखा काढून जुना, जास्त पिळाचा लावला होता, पिशवी काठावर फेकली होती. मी धावत पाण्याशी गेलो. होडी नाक वर करून पळत होती. पाहुणे ओरडत होते, टाळ्या वाजवत होते. अब्राहाम मागे उभा राहून इंजिन चालवत होता. सहादेव त्याच्याकडे वळून, वाकून हात हलवत होता, कारण त्या बाजूला पाण्याखाली आंब्याचे खोड आहे आणि ते त्याला माहीत आहे. पाण्यावरून आवाज लांब जातो. अब्राहाम इंजिनाच्या वर ओरडला, म्हणून माझ्या कानांनाही शब्द स्वच्छ ऐकू आले. "ए कोळ्या, गप बस! इंजिन तुझ्या बापाचं नाही."

मग खोड लागले. इंजिन उसळले, होडी गर्रकन फिरली, सहादेव होडीच्या मागच्या बाजूने पाण्यात गेला. अब्राहामाने इंजिन बंद केले नाही. कदाचित त्याला सुचले नाही. सहादेवाचा डावा हात पंख्यात गेला.

त्याला काठावर आणले तेव्हा बायडाबाईंनी आपल्या लुगड्याचा पदर फाडून हात बांधला.  मोटार तिथेच उभी होती. मी अब्राहामला म्हणालो, "उचल त्याला. राजूरला दवाखान्यात ने."

पाहुण्यांतला एक म्हणाला, "गादी नवी हाय हो."

अब्राहाम माझ्याकडे न बघता म्हणाला, "बाबा, गाडी पाहुण्यांची आहे, माझी नाही. मी राजूरहून डॉक्टर पाठवतो." आणि ते तिघे बसून गेले. डॉक्टर आला नाही. आम्ही सहादेवाला बैलगाडीत घातले. वाटेत तो शुद्धीवर होता. पुढे संगमनेरला त्याचा हात मनगटाच्या वर कापावा लागला.

इथे माझ्या वडिलांबद्दल लिहिणे भाग आहे. माझे वडील रावजी बाप्तिस्मा घेण्यापूर्वी महार होते. तरुणपणी त्यांना एकदा साप चावला. पाटलाची गाडी नगरला रिकामी चालली होती. गाडीवान म्हणाला, महाराला गाडीत घेतले तर गाडी धुवावी लागेल. वडील तापाने थरथरत, पाय ओढत मिशनच्या दवाखान्यात पोचले आणि वाचले. ही गोष्ट त्यांनी मला सांगितली, मी अब्राहामला त्याच्या लहानपणी सांगितली, अनेकदा सांगितली. तो रडायचा. तो त्या गाडीवानाला शिव्या द्यायचा. आमच्या घराण्यात हा मुलगा निपजला, आणि त्याने रक्ताळलेल्या माणसाला गाडीत घेतले नाही. गादी खराब होईल म्हणून. त्या दिवसापासून मी वडिलांचा फोटो भिंतीवरून काढून पेटीत ठेवला आहे. त्यांच्यासमोर बसून मला जेवता येत नाही.

फौजदार आले. मी जे पाहिले आणि ऐकले ते सांगितले. त्यांनी सहादेवाला विचारले. सहादेव खाटेवर पडून म्हणाला, "माझाच पाय घसरला."

फौजदार माझ्याकडे वळले. "जखमी माणूस म्हणतो पाय घसरला. तुम्ही बाप असून मुलाविरुद्ध सांगता. मी काय लिहू?"

"मी सांगतो ते लिहा," मी म्हणालो. त्यांनी सहादेवाचे लिहिले.

ते गेल्यावर मी सहादेवाला विचारले, "खोटं का बोललास?"

"पोरगं जेलात गेलं तर तुमचं म्हातारपण कुनी बघायचं?" तो म्हणाला. "मी? एका हातानं?"

मला वाटले तो हसेल. तो हसला नाही. भिंतीकडे तोंड करून झोपला.

त्याने मला चार शिव्या दिल्या असत्या तर मी त्या घेऊन घरी आलो असतो. त्या दिवसापासून आजपर्यंत बायडाबाईंनी माझ्याशी बोलणे तोडले नाही. रोज भाकरी पाठवतात. गावात मला कोणी टोमणा मारत नाही. मी दुकानात गेलो की बोलणे थांबते, मग कोणीतरी मुद्दाम पावसापाण्याचे काढतो. लोक माझी लाज राखतात. चौसष्ट वर्षांच्या माणसाला अशी राखलेली लाज किती जड होते, ते लिहून समजणार नाही.

५. इंजिन पुन्हा बसवणे. सहादेव बरा झाला, पण इंजिनाकडे बघेना. मी ते दुरुस्त करून चालवून पाहिले की तो घराच्या मागे निघून जाई. एकदा म्हणाला, "आवाज आला की हात दुखतो दादा. जो न्हाई, तो."

मी पावसाळाभर त्या इंजिनावर काम केले. दुसरे काय करणार होतो? आधी जास्त पिळाचा तो पंखा ऐरणीवर ठेवून घणाने सपाट केला. मग इंजिन वळवायच्या दांड्याला लांब बांबूची जोड दिली आणि तिच्या टोकाला चामड्याचा रुंद कप शिवला, कोपराच्या पुढचा हात त्यात नीट बसेल असा. म्हणजे सहादेवाने उरलेल्या डाव्या हाताने होडी वळवायची आणि उजव्या हाताची बोटे दोरीसाठी मोकळी राहायची. वेग कमीजास्त करायची कळ पायाशी आणली. आणि एक आडवी खीळ घातली, जी ओढली की इंजिन तत्काळ बंद पडते. खिळीला बांधलेली दोरी होडीत कुठूनही हाताला लागते. हे मी आधी का केले नाही, हा प्रश्न मी स्वतःला विचारला आहे. पूर्वी त्याची गरज पडली नव्हती, एवढेच.

राहता राहिले इंजिन सुरू करायची दोरी ओढणे. एका हाताने आणि गेलेल्या खांद्याने ते होणार नव्हते. मी म्हणालो, मी ओढीन. सहादेव म्हणाला, "तुमी किती दिवस?"

तेव्हा बायडाबाई पुढे आल्या. "मला दाखवा," म्हणाल्या. पहिल्यांदा दोरी निसटून त्या होडीत पाठीवर आपटल्या. दुसऱ्यांदा इंजिनाने नुसता उसासा टाकला. तिसऱ्यांदा लुगड्याचा काचा मारला, पाय फळीला लावला आणि काही तरी असे पुटपुटल्या जे मृत्युपत्रात लिहिता येत नाही. इंजिन सुरू झाले.

सहादेव काठावरच उभा होता. मी होडीतून उतरलो आणि दूर जाऊन बसलो, कारण माझ्या तोंडाकडे बघून त्याने यावे असे मला नको होते. बऱ्याच वेळाने मी वळून पाहिले. होडी लांब गेली होती, अगदी हळू. दोघे तिच्यात होते. मी तिथेच बसून रडलो. आनंदही होता, पण लाज जास्त होती. त्या दोघांना पुन्हा पाण्यावर यायला जे करावे लागले, ते करावे लागायला नको होते.

आता त्यांना रोज मासे मिळतात. म्हणून मी ठरवितो की होडीला लावलेले दोन सिलिंडरचे इंजिन, पितळी पंखा, पेट्रोलची टाकी, किंतानाच्या पिशव्या, गळ, दोऱ्या, चमचे, तसेच माझ्या शेंडीच्या दोन खोल्या, हे सर्व सहादेव व बायडाबाई उघडे यांस माझ्यामागे कायमचे मिळावे. होडी मुळात त्यांचीच आहे, तिच्यावर मी फक्त करवत चालवली. अब्राहाम म्हणतो की इंजिन घराण्याची मिळकत आहे. ते मी माझ्या कमाईने घेतले आहे. ते त्याच्या बापाचे आहे, हे खरे. म्हणूनच बाप ते देऊ शकतो.

६. अब्राहामाबद्दल. हे कलम मी पहिल्यांदा असे लिहिले होते: "माझा मुलगा अब्राहाम यास माझ्या मिळकतीतून काहीही देऊ नये, आणि माझ्या प्रेताला त्याने हात लावू नये. भिंगारचे घर एकट्या दीनाचे." दीनाने कच्चा कागद वाचला आणि घडी घालून परत दिला. ती भावाची बाजू घेणार नव्हती, पण तिचे डोळे भरले.

मग मी तो सहादेवाला वाचून दाखवला, कारण त्याच्या नावे काही ठेवायचे तर त्याला ठाऊक हवे. इंजिनाचे कलम त्याने खाली मान घालून ऐकले. हे कलम ऐकून तो उठला.

"मला इंजिन नको."

"का?"

"पोराला काढून टाकलं अन् सहादेवाला इंजिन दिलं. लोक काय म्हनतील? सहादेवानं हात इकला म्हनतील."

"लोकांचं सोड. तो मुलगा माझा आहे. त्याला काय द्यायचं ते मी बघेन."

"मग हात माझा हाय," तो म्हणाला. "त्याचं काय करायचं ते मी बघीन. फौजदारापुढं मी पाय घसरला म्हनलो. तुमी आता कागदावर लिवताय की न्हाई घसरला. कोर्टात कुनाचं खरं धरायचं?"

मी म्हणालो, "माझं खरं आहे."

"तुमचंच खरं हाय," तो म्हणाला. "त्यानंच तर मला नको."

दाराशी बायडाबाई उभ्या होत्या. मला वाटले त्या माझ्या बाजूने बोलतील. त्यांचा राग सहादेवापेक्षा मोठा आहे, हे मला माहीत आहे. त्यांनी अब्राहामाचे नाव आजतागायत उच्चारलेले नाही. त्या म्हणाल्या, "दादा, त्याला द्या. आमच्या दारात त्याचं भांडन नको."

मी तीन दिवस कागद उघडला नाही. मुलाला तोडून टाकले की माझी लाज थोडी उतरेल, असे मला वाटत होते. ते खरे कारण होते. सहादेवाने तेही मला करू दिले नाही.

म्हणून पहिले कलम मी खोडले आहे. खोडलेल्या ओळींवर माझी सही आहे. त्याऐवजी लिहितो: भिंगारचे घर दीना व अब्राहाम यांना निम्मे निम्मे मिळावे. अब्राहामाने हे वाचताना समजून घ्यावे की ही क्षमा नाही. क्षमा करण्याचा हक्क माझा नाही. ज्याचा होता त्याने ती मला न विचारता केली, आणि त्याच्या हट्टामुळे, अब्राहाम, तुझे नाव इथे परत आले.

७. मला भिंगारच्या ख्रिस्ती दफनभूमीत साराशेजारी पुरावे. शेंडीहून न्यायला मोटार मिळाली तर ठीक, न मिळाली तर सहादेव सांगेल तसे करावे. फार गाणी नकोत. वडिलांचा फोटो पेटीतून काढून दीनाने घेऊन जावा.

८. सहादेव व बायडाबाई यांना साक्षीदार करू नये असे वकिलांनी सांगितले, कारण ज्याला मिळते त्याने साक्ष घालू नये, घातली तर मिळालेले रद्द होते. म्हणून साक्षीदार गावातले दुसरे आहेत.

काल सकाळी हा कागद पक्का उतरवत असताना अब्राहाम शेंडीला आला. दीनाने त्याला सगळे लिहून कळवले होते. मी ओट्यावर बसलो होतो. तो माझ्याकडे आला नाही. सरळ सहादेवाच्या दाराशी गेला आणि बाहेर उभा राहिला. आतून सहादेवाचा आवाज आला, "ये. बस." अब्राहाम बसला नाही. काही बोलला, ते मला ऐकू आले नाही, आणि मी ऐकण्याचा प्रयत्नही केला नाही. बायडाबाई बाहेर आल्या, त्याच्याकडे न बघता बाजूने निघून गेल्या, पाण्याकडे. तो बराच वेळ उंबऱ्याबाहेर उभा होता. मग सहादेव बाहेर आला, आणि माझ्या मुलाने खाली वाकून त्याच्या पायांना हात लावला, नंतर त्याच्या कापलेल्या हाताला लावायला गेला. सहादेवाने तो हात मागे घेतला. पाय मागे घेतले नाहीत.

मी ओट्यावरून हाक मारली नाही. अब्राहाम जाताना एकदा माझ्याकडे बघून थांबला. मी मान वर केली, एवढेच मला जमले.

हे सर्व मी वाचून पाहिले. खरे आहे. यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही, हेच माझे पहिले आणि शेवटचे.

मुक्काम शेंडी, तालुका अकोले, जिल्हा अहमदनगर.
तारीख १७ नोव्हेंबर १९४९.

(सही) शांतवन रावजी भिंगारदिवे

शांतवनरावांनी आमच्या दोघांच्या समक्ष सही केली, त्या वेळी ते पूर्ण शुद्धीत होते, आणि आम्ही त्यांच्या समक्ष सह्या केल्या.

साक्षीदार:
(सही) काकासाहेब गंगाराम झडे, शेतकरी, राहणार शेंडी
(सही) सूर्यभान तुकाराम वाकचौरे, प्राथमिक शिक्षक, राहणार राजूर